लिवूचा, पण बोलूचा नाय

"मगे तो के खय गेलो?"

खाटेवरून प्रश्न आला, तसा सुचित्राचा फळ्यावरचा हात थांबला. चटईवर बसलेल्या चारही बायकांनी माना वळवल्या. शिकवणी त्यांची होती, रखमाबाईंची नव्हती. रखमाबाई आपल्या खाटेवर सुपात जवळा घेऊन निवडत बसल्या होत्या. रोज दुपारी सून चाळीतल्या बायकांना इंग्रजी शिकवते, त्या शिकवणीशी आपला काडीचाही संबंध नाही, हे त्यांच्या ताठ पाठीवरूनच दिसत होतं.

"नाइफ, आई," सुचित्रा म्हणाली. "त्यात के लिहायचा, पण म्हणायचा नाही. सायलेंट असतो तो."

"म्हणूचो नाय, तर लिवलो कित्याक? जागा अडवूक?"

"असतो ना तो शब्दात. त्याच्याशिवाय शब्द पुरा होत नाही. फक्त तोंडानं उच्चारायचा नाही."

रखमाबाईंनी सुपातला कचरा चिमटीत धरून बाजूला टाकला. "असा सांग ना मगे. घोवाचा नाव."

अख्खी चटई हसून लोटपोट झाली. एकट्या रखमाबाई हसल्या नाहीत.

भोईवाड्यातल्या या चाळीत रखमाबाईंच्या तोंडून त्यांच्या नवऱ्याचं नाव कुणी कधी ऐकलं नव्हतं. लग्नात मोठ्या नणंदेनं दारात हात आडवा लावला होता, नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाही म्हणून. तर ही नवरी तिच्या हाताखालून वाकून सरळ चुलीपाशी जाऊन बसली. लाजेनं नव्हे, हट्टानं. "माझ्या तोंडातसून कोण काढता ता बघतंय," असं वर ऐकवलंही. पुढे त्या हट्टाची सवय झाली आणि सवयीचा मान झाला. शाळेत, रेशनवर कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की थोरल्या निलेशला पुढे ढकलायच्या, "सांग रे, बापाशीचा नाव." तोंडानं मात्र एकच हाक, "आयकलात काय?" ती कानावर पडली की गॅलरीच्या टोकावरून, नळावरून, पत्त्यांच्या डावातून, जिथे असतील तिथून गुणाजी उठायचे. "इलंय गो, इलंय."

इस्पितळात शेवटच्या दिवसांत गुणाजींनी उशीवरून मान वळवली होती. "एकदा तरी नावान हाक मार गो. कसा लागता ता बघूया."

"बरे होवन घराक चला," रखमाबाई म्हणाल्या होत्या, "मगे मारतंय."

गुणाजी काही घरी आले नाहीत. हाक राहिली.

आता धाकटा वैभव कॅनडात होता. त्याची रुचिका सात वर्षांची. रविवारी सकाळी फोनच्या काचेत ती दिसायची. नाक थेट गुणाजींचं, टोकाला जरा बसकं. "हाय आजी," म्हणायची आणि मग इंग्रजीत काहीबाही सांगत सुटायची. रखमाबाई नुसत्या मान डोलवायच्या. थोड्या वेळानं "बाय आजी." ज्या बाईनं पाणी सोडणाऱ्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, ती या एवढ्याशा पोरीपुढे मुकी होऊन बसायची. फोन ठेवला की दिवसभर भांडी जरा जास्तच आपटायची.

म्हणून तर जवळा निवडायची वेळ नेमकी शिकवणीचीच धरली होती. सुचित्राला ते कळत होतं. पण कळल्याचं तिनं कधी दाखवलं नाही. फळा मात्र खाटेकडे थोडा तिरका करून ठेवायला लागली.

जवळा संपला की लसूण, लसूण संपला की कालचीच धुतलेली कोथिंबीर. सुपाआडून रखमाबाई एकेक अक्षर गिळत होत्या. लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरं, अशा आडमुठ्या शब्दांवर त्यांचा विशेष जीव. अंगठ्याच्या इंग्रजी शब्दात शेवटचा बी मुका आहे हे कळलं, तेव्हा त्या आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. "ह्येच्यात पण मुको? घराघरात आसत म्हणा."

एकदा चटईवरची कमल रडवेली होऊन आली. गुणाजी कामाला होते त्या गिरणीच्या जागी आता काचेची इमारत आहे, तिच्यात ती साफसफाईच्या कामाला. "मी प्लंबर आला म्हटलं तर सगळा स्टाफ हसला, टीचर. प्लमर म्हणायचं म्हणे."

"हसले?" सूप बाजूला झालं. "उद्या त्येंका म्हण, माझो बी जास्त झालो तो मी परत घेतंय. तुमी एक परळ बोलान दाखवा. परेल नाय, परळ. जिभेक घाम फुटतलो मेल्यांच्या!"

कमल डोळे पुसत हसली.

त्या दिवशी शिकवणी सुटल्यावर रखमाबाई उठल्या नाहीत. "माझा नाव काढ बघूया," त्यांनी फर्मावलं. सुचित्रानं फळ्यावर काढलं. त्यांनी बोट ठेवून अक्षरं वाचली. मग हनुवटी भिंतीवरच्या तसबिरीकडे उडवली. "आणि ह्यांचा?"

सुचित्रानं सहा अक्षरं लिहिली. "जी, यू, एन, ए, जे, आय."

"ह्यो एन म्हंजे न. ण खय आसा?"

"त्यांच्याकडे ण नाही, आई."

"ण नाय? मगे पाणी कसा मागतत?"

"वॉटर म्हणतात ना."

"ता माका कळता गो, शहाणे." त्यांनी फळ्यावरच्या एनवर बोट टेकवलं. "म्हंजे तिकडे ह्येंका कोणाक हाकच मारूक येवची नाय."

सुचित्रानं फळा पुसायला फडकं उचललं, तर म्हणाल्या, "ऱ्हवांदे सकाळपर्यंत."

रविवारी फोन वाजला. वैभवनं सांगितलं, रुचिकाच्या शाळेत आजीआजोबांबद्दल विचारून यायला सांगितलंय. विचारायचं आजीलाच, बाबांनी मधे बोलायचं नाही. पोरीच्या हातात फोन देऊन तो बाजूला झाला.

रुचिकाच्या हातात जांभळा खडू होता, पुढे मोठा कागद. "आजी, वॉट वॉज आजोबाज नेम?"

नेम. आजोबा. दोन्ही शब्द रखमाबाईंना लख्ख कळले. इतके दिवस जिच्यासाठी सुपाआड बसल्या तिचाच प्रश्न असा समोर येऊन उभा राहिला, आणि त्याचं उत्तर म्हणजे तेच नाव, जे आयुष्यभर तोंडातून काढलं नव्हतं. पलीकडे खडू वाट बघत होता. आता आपण गप्प बसलो, तर त्या कागदावर माणसाची जागा कोरी राहणार, हे त्यांना दिसत होतं.

त्यांनी घसा खाकरला. "राइट," त्या म्हणाल्या. "जी."

"जी," रुचिकानं लिहिलं.

"यू. एन."

एकेक अक्षर सुटं सुटं, नीट मोजून मापून. सुट्या मण्यांना कुणी मंगळसूत्र म्हणत नाही, तसं हे काही नाव घेणं नव्हे. "ए. जे. आय." शेवटचं अक्षर दिलं आणि त्यांनी पदरानं ओठांवरचा घाम टिपला. जिंकल्यासारखं सुनेकडे पाहिलंही.

रुचिकानं कागद काचेजवळ धरला आणि वाचलं, "गनाजी?"

"नो," रखमाबाई म्हणाल्या.

"गनाजी. जी यू एन. गन!" तिनं दोन बोटांची बंदूक करून दाखवली आणि ती खुदकन हसली.

ज्या माणसानं जन्मात कधी उंदरावर चप्पल उगारली नव्हती, तो तिकडे, त्या जांभळ्या कागदावर, बंदूक होऊन बसला होता.

सुचित्रा पुढे वाकली. "रुचिका बेटा, इट्स..."

"तू गप," रखमाबाई म्हणाल्या. "घोव माझो."

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, घरात कुणी मोठं माणूस आल्यासारखा. फोन दोन्ही हातांत धरला.

"गुणाजी," त्या म्हणाल्या. हळू, चव घेऊन बघावी तसं. मग गॅलरीच्या टोकापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं, "गुणाजी!"

काचेत रुचिका तोंड उघडं, खडू वर, तशीच थिजली होती. तिच्या चेहऱ्यावर एक पांढरं वर्तुळ गरगरत होतं.

"नेट गेलं, आई," सुचित्रा हळूच म्हणाली. "परत लावू?"

रखमाबाईंनी हात वर केला. थांब. फोनकडे त्यांचं लक्षच नव्हतं. हाक मारून झाल्यावर माणूस जरासा थांबतो तशा त्या दाराकडे मान वळवून बसल्या होत्या, गॅलरीकडे कान देऊन.