आर्लिसची सही

माझी बायको मार्डेल एकोणतीस वर्षं विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायची. जळलेली स्वयंपाकघरं, फुटलेले नळ, गारांनी ठोकलेली छपरं. लोक रडत रडत काय सांगतात आणि भिंत काय सांगते, यातला फरक तिला भिंतीवर बोटाची टिचकी मारून कळायचा. मी शाळेत बँड शिकवायचो. मला कुणी काही सांगितलं की ते खरंच वाटतं. आमचा संसार असा वाटून घेतलेला होता.

दोघं निवृत्त झालो तेव्हा ठरलं, की जानेवारी ते मार्च मिनेसोटाच्या थंडीतून निघायचं आणि दक्षिणेकडे फिरायचं. उरलेले नऊ महिने आपलं घर, नातवंडं, चर्चचं गायन. एवढ्यासाठी नवंकोरं मोटरहोम कशाला? वापरलेलं बघू. उन्हाळाभर आम्ही सात पाहिली. एकात लिंबाचा वास जरा जास्तच येत होता. "वास कशावर पांघरूण घालतोय?" मार्डेलनं विचारलं आणि गादी उचलली. खाली बुरशी. दुसऱ्याच्या छताला ताजं सील लावलेलं. तिसऱ्याचा मालक ब्रेकबद्दल बोलताना सारखा खाकरत होता.

ऑक्टोबरात गॉर्डी स्टेनबॅकची जाहिरात दिसली. पंचवीस फुटी, नऊ वर्षांची गाडी, फार फिरलेली नाही, आणि भाव बाजारापेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी.

"इतकी स्वस्त का?" मार्डेल म्हणाली.

"माणूस भला असेल."

"भली माणसंही भाव विचारूनच विकतात, वेंडेल."

गॉर्डीचं घर तळ्याकाठी, आमच्यापासून तासाभरावर. पंचाहत्तरीचा, उंच, दाढी घोटलेला, शर्टाची इस्त्री कडक. त्यानं आधी कॉफी दिली, मग किल्ली दिली. "तुम्हीच चालवून बघा. मी आलो तर तुम्हाला मोकळेपणानं बोलता येणार नाही."

मी चालवली. लोण्यासारखी चालली. परत आल्यावर मार्डेलनं पिशवीतून ओल मोजायचं यंत्र काढलं आणि कोपरा न् कोपरा तपासला. शिडी मागून घेतली, छतावर चढली. खिडक्यांच्या कडा दाबल्या. कुठं काही सापडेना, तसा तिचा चेहरा पडत गेला. मला म्हणाली, "हे मला आवडत नाही."

"काही वाईट सापडलं नाही म्हणून आवडत नाही?"

"फडताळ उघड."

मी उघडलं. कॉफीचा न उघडलेला डबा, राय धान्याच्या कुरकुरीत पावाची दोन पाकिटं, जर्दाळूचा घरचा मुरांबा. बिछान्याखाली कोऱ्या चादरी, अजून वेष्टनात. दाराच्या आतून पुढच्या वर्षाचं कॅलेंडर लटकत होतं. त्यावर नऊ जानेवारीला गोल आणि बाईच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'टेक्सास, समुद्राकडची जागा मिळाली!!'

"गाडी विकणारे लोक सामान बाहेर काढतात," मार्डेल हळू आवाजात म्हणाली. "इथं कुणीतरी आत भरतंय."

बाहेर आल्यावर तिनं गॉर्डीला सहज विचारल्यासारखं केलं, "तुमच्या मिसेस दिसल्या नाहीत?"

"आर्लिस? बहिणीकडे गेलीय, फार्गोला. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे झाले तिला जाऊन."

"आणि गाडी विकायची त्यांना चालतंय?"

"चालतंय म्हणजे? कल्पनाच तिची."

त्यानं आम्हाला घरात नेऊन मालकीचा कागद टेबलावर ठेवला. दोघांची नावं, म्हणून दोघांच्या सह्या लागतात. दोन्ही झालेल्या होत्या. मार्डेलनं कागद उजेडात धरला, पाहिला आणि परत ठेवला. "घरी जाऊन विचार करतो," ती म्हणाली. गॉर्डीनं आणखी भाव उतरवला. कुणी मागितलंही नव्हतं.

गाडीत बसल्या बसल्या मी सुरू झालो. "तुला देवानं स्वतः येऊन मोटरहोम दिलं तरी तू त्याच्याकडे पावती मागशील. जगातला प्रत्येक माणूस चोर नसतो, मार्डेल."

"चोर म्हटलं का मी? आर्लिसच्या सहीखाली तारीख परवाच्या रविवारची आहे. आणि ती बाई तीन आठवडे फार्गोला आहे."

"रविवारी येऊन गेली असेल."

"आणि आपल्या हातानं जागा नक्की केलेली गाडी विकायला सही करून गेली? उद्गारचिन्हं दोन होती, वेंडेल. दोन."

कशानं तरी मलाही टोचायला लागलं होतं. बँड शिकवताना चाळीस पोरांमधून कोण नोटेशनकडे बघतंय आणि कोण नुसतं बघितल्यासारखं करतंय, हे मला कळायचं. मी म्हटलं, "तो बोलताना माझ्या कानाकडे बघत होता."

"काय?"

"डोळ्यांत नाही. कानाकडे. आणि कॉफी ओतताना त्यानं कपाच्या काठाच्या आत बोट धरलं होतं."

मार्डेलनं रस्त्याच्या कडेला गाडी घेतली. आमची छोटी गाडी नेहमी तीच चालवते. हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून ती समोर बघत राहिली. "त्या मोटरहोमच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला रंग नवा आहे," ती म्हणाली. "मला वाटलं गंज झाकलाय. आणि त्याच्या दारातल्या टपालपेटीचा खांब कोरा आहे."

आम्ही परत फिरलो.

गॉर्डीला वाटलं, आम्ही घ्यायला आलो. त्याचा चेहरा उजळला, आणि मला तिथंच लाज वाटायला लागली. मार्डेलनं पर्समधून एक कागद काढून त्याच्यापुढे धरला. "मी आमच्या अटी लिहून आणल्यात. एकदा वाचून घ्या, बरोबर आहे का ते."

त्यानं कागद घेतला. मान जराशी वळवली, मग दुसरीकडे वळवली. "ठीक आहे," तो म्हणाला. "मला सगळं मान्य आहे."

तो आमच्या चर्चचा कागद होता. रविवारच्या भजनांची यादी.

आमच्या गप्प राहण्यावरूनच त्याला कळलं. त्यानं कागद टेबलावर ठेवला, हातानं सपाट केला आणि खुर्चीत बसला.

"काय लिहिलंय त्यावर?" त्यानं विचारलं.

"भजनं," मी म्हटलं.

"हलकट बाई आहात तुम्ही," तो मार्डेलला म्हणाला, पण आवाज चढवला नाही.

"कधीपासून दिसत नाही?" तिनं विचारलं.

"वसंतापासून. मधला भाग जातो, कडा राहतात. तुमचे कान मला छान दिसतायत." तो हसायला गेला, पण जमलं नाही. मार्चमध्ये टेक्सासहून परत येताना, घर दोन मैलांवर असताना धप्पकन आवाज झाला होता. उतरून बघतो तर कुणाच्या तरी घरापुढची टपालपेटी खांबासकट आडवी, आणि तिच्याशेजारी गवतात एक छोटी सायकल पडलेली. सायकलीला काही झालं नव्हतं. आसपास कुणी नव्हतं. "कुणी नव्हतंच," तो पुन्हा म्हणाला. "मी हाका मारल्या. खड्ड्यात उतरून हातांनी चाचपून बघितलं. आर्लिस मागच्या बिछान्यावर झोपली होती. तिला सांगितलं, हरीण आडवं आलं." महिन्याभरानं आवारातून मोटरहोम बाहेर काढताना त्यानं स्वतःचीच टपालपेटी पाडली. तेव्हापासून तिला हात लावला नव्हता.

"मग आर्लिसना खरं का सांगत नाही?"

"विकली म्हणून ती रागावेल. रागावू दे, सवय आहे मला. डोळ्यांचं कळलं तर ती माझी काळजी घ्यायला लागेल. मग लायसन्स जाईल, मग हे तळ्याकाठचं घर. मग दोघं गावात, लिफ्ट असलेल्या इमारतीत, खिडकीशी." त्यानं टेबलाची कड घट्ट धरली होती. "सही मीच केली. चाळीस वर्षं तिच्या नावानं नाताळची कार्डं पाठवतोय, कधी कुणाला फरक कळला नाही."

मार्डेल म्हणाली, "खोट्या सहीची गाडी मी घेणार नाही. आणि तुम्ही ती दुसऱ्या कुणाला विकावी असंही मला वाटत नाही. शुक्रवारपर्यंत आर्लिसना सांगा. नाहीतर मी सांगेन."

"निघा," गॉर्डी म्हणाला. "निघा माझ्या घरातून."

त्या संध्याकाळी आम्ही भांडलो. मी म्हटलं, आपला काय संबंध, म्हाताऱ्याला भजनांची यादी वाचायला लावलीस, शोभतं का. तिनं तव्यावरचे बटाटे उलटत सांगितलं, "सायकल होती, वेंडेल." मी ताटं मांडली.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. मार्डेलनं उचलला आणि मला ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला.

"आर्लिस स्टेनबॅक बोलतेय. तुम्हीच ना त्या, माझ्या नवऱ्याला धमकावून गाडी फुकटात पदरात पाडून घ्यायला निघालेल्या?"

मार्डेलवर संशय घ्यायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती. ती उभीच राहिली. "मी गाडी घेतलेलीच नाही," ती म्हणाली.

"तेच म्हणते मी, का नाही घेतली? एवढी स्वस्त मिळत होती, तर सोडली का? तुमचा काय डाव आहे?"

मग मार्डेलनं सगळं सांगितलं. कॅलेंडर, तारीख, कान, भजनं. शेवटी आर्लिस म्हणाली, "त्यानंही हेच सांगितलं. मला दोन्हीकडून ऐकायचं होतं. त्या सायकलवाल्यांच्या घरी मी काल जाऊन आले. मुलगी तेव्हा आत जेवत होती." तिनं नाक शिंकरलं. "बरं, गाडी विकायची नाही. मी चालवणार."

"तुम्ही चालवलीय कधी?"

"बाई गं, माझ्या बापाच्या शेतावर बिटानं भरलेला ट्रक मी सतराव्या वर्षापासून हाकत होते. गॉर्डी तेव्हा सायकलवरून पडत होता. लग्न झालं आणि त्यानं जे स्टिअरिंग धरलं, ते धरलंच. मीही कधी मागितलं नाही. म्हटलं, त्याला आवडतं."

फोन ठेवल्यावर मार्डेल टेबलाशी बसून राहिली. मी कॉफी केली. तिनं घेतली नाही.

"सात आणि एक आठ," ती म्हणाली. "आठ गाड्या बघितल्या आपण. मी छतावर चढले, गाद्या उचलल्या, खाली सरपटले. एकदाही चालवायच्या खुर्चीत बसले नाही. आणि तू एकदाही म्हणाला नाहीस, की बस."

"तू म्हणाली नाहीस म्हणून मी…"

"खरं सांग."

तिला खोटं सांगून उपयोग नव्हता. "मला ती उंच खुर्ची आवडली," मी म्हटलं. "बँडच्या पुढं उभं राहिल्यासारखं वाटतं."

सोमवारी तिनं मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नजर चांगली निघाली. तिनं डॉक्टरांना पुन्हा तपासायला लावलं आणि लेखी मागून घेतलं. स्वतःचेही डोळे तपासून घेतले, तोही कागद माझ्या हातात दिला. "आता तूही विचारत जा," ती म्हणाली.

पंचवीस फुटांचा नाद आम्ही सोडला. नोव्हेंबरात एका शेजारगावच्या नर्सबाईंकडून एकोणीस फुटी गाडी घेतली. उभं राहिलं की डोकं छताला लागतं, स्वयंपाक करताना दुसऱ्यानं बिछान्यावर पाय घेऊन बसायचं. पण मार्डेलचा पाय ब्रेकला नीट पोचतो आणि मागचं तिला आरशात सगळं दिसतं. तिनं चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये बर्फ पडेपर्यंत रोज सराव केला. मी शेजारी बसून उजवा पाय फरशीत दाबत होतो. "तिथं ब्रेक नाहीये," ती दर वेळी सांगायची.

स्टेनबॅक जानेवारीत निघाले, हे आम्हाला त्यांच्या गावातल्या एका ओळखीच्या बाईंकडून कळलं. आर्लिस हमरस्त्यावर फार हळू चालवते आणि मागं वाहनांची रांग लागते, असंही त्यांनी सांगितलं. गॉर्डीनं लायसन्स स्वतः जाऊन परत दिलं म्हणे. मार्डेल यावर म्हणाली, "स्वतः गेला की तिनं नेलं?"

आम्ही दहा दिवसांनी निघालो. ओक्लाहोमात मुक्कामाच्या जागी दोन मोठ्या गाड्यांमधली अरुंद फट मिळाली. मार्डेल मागं घेत होती. शेजारचा एक गृहस्थ कॉफीचा मग घेऊन धावत आला आणि तिला दिसेल असे दोन्ही हात हलवून रस्ता दाखवायला लागला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही का नाही घेत?"

मार्डेलनं काच खाली केली. "तुमची कॉफी सांडतेय," ती म्हणाली, आणि गाडी मागं घेतली.