तेवीस नंबरचा कपिल

कपिल मेश्रामला टीममध्ये पक्की जागा अशी कधी नव्हतीच. रग्बीत अशाला युटिलिटी बॅक म्हणतात. म्हणजे काय, तर मागच्या फळीत ज्याचा पाय मोडेल त्याच्या जागी हा! आज विंगवर, उद्या मधे, परवा अगदी मागे राखणीला. इतकी वर्षं पाठीवर तेवीस नंबर, आणि हाफटाइमपर्यंत मुक्काम बाकावर. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं त्याचे बाबा, भगवानराव, एकदा हसत म्हणाले होते. ते त्याला अजून बोचायचं.

बाबा राहायचे हॅमिल्टनला, कपिलच्या टोरोंटोच्या मैदानापासून तासाभरावर. रविवारी मंडळाची बुद्धवंदना, मग मीटिंग; सेक्रेटरीच ते, मधेच उठणार कसे? पोरगा उतरणार हाफटाइमनंतर, आधी येऊन करायचं काय? त्यामुळे ते टोरोंटोला सावकाश पोचायचे.

शेवटच्या मॅचसाठी कोचने आदल्या दिवशीच त्याच्या हातात पंधरा नंबर दिला. पहिल्या शिट्टीपासून फुलबॅक, म्हणजे सगळ्यांच्या मागचा राखणदार! पुढे कॉन्ट्रॅक्ट नव्हतं. बाबांना हे दाखवायचं तर याच मॅचला. त्याच संध्याकाळी त्याने फोन केला, "बाबा, उद्या जरा लवकर या ना." का, ते सांगितलं नाही. भगवानरावांच्या घरात नजर-बिजर मानायची सोय नव्हती, तरी बोललो तर हातचं जाईल ही भीती होतीच.

"येतो ना बे," बाबा म्हणाले. पण मीटिंग कधी वेळेवर संपलीय का हो?

कपिल जीव तोडून खेळला. वाऱ्यात उंच आलेला प्रत्येक बॉल त्याने छातीशी धरला, आणि दर वेळी कोपऱ्यातल्या बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं. रिकामी. हाफटाइमच्या तोंडावर मांडीचा स्नायू धरला. संपलं. अंगावर कोट टाकून तो बाकावर बसला, आणि तेवीस नंबरचा नवा पोरगा त्याच्या जागी आत गेला. अंगाने त्याच्याएवढाच, डोक्याला मार लागू नये म्हणून कपिलसारखीच काळी गादीची टोपी.

थोड्या वेळाने ओळखीचा आवाज आला. "पळ पोट्ट्या! पळ कपिल!"

बाबा छत्री घेऊन उभे होते. एका डोळ्यात मोतीबिंदू, वरून पावसाची झड. ते नेहमीसारखे तेवीस नंबर शोधत होते, आणि तो त्यांना सापडला होता. कपिलने हात अर्धा वर केला. तेवढ्यात त्या पोराने बॉल पार रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले आणि बाबा छत्री टाकून चक्क नाचले. इतक्या वर्षांत ते कधी असे नाचले नव्हते. कपिलने हात खाली घेतला.

मॅच संपल्यावर बाबांनी त्याला कवटाळलं. "काय खेळून राहिला होता बे! चिंध्या म्हटलं होतं ना मी तुले? चुकलंच माझं."

हेच ऐकायला तो इतकी वर्षं बाकावर बसला होता.

"हो बाबा," तो म्हणाला, आणि कोट सरकून पाठीवरचा पंधरा नंबर दिसू नये म्हणून त्याने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.