रेघेवरच्या पेशी

विद्यापीठात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. तळमजल्यावरच्या लांबट खोलीत एकतीस वर्षं त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजत आल्या होत्या. काम दिसायला सोपं. एका जाड काचेवर बारीक चौकोन आखलेले असतात, त्यावर थेंब सोडायचा आणि एकेका चौकोनात किती पेशी आहेत ते मोजायचं. डाव्या हातात खटका. पेशी दिसली की खट्. दिवसाला असे चार-पाच हजार खट् व्हायचे. घरी टीव्ही बघतानाही त्यांचा डावा अंगठा हलत असे, आणि त्यांचे यजमान म्हणत, "अगं, बातम्या देणारा एकच आहे, किती वेळा मोजशील?"

या खोलीत कोणाकोणाचं काम चालायचं, ते ऐकलंत तर हसाल. जीवशास्त्राचे शेवाळवाले सर तळ्यातलं पाणी बाटल्या भरभरून पाठवत. कुठल्या महिन्यात शेवाळ किती वाढतं यावर त्यांनी अर्धं आयुष्य घातलं होतं. त्यांच्याच विभागातून यीस्टही यायचं. मागच्या इमारतीतून वैद्यकीय विभागाच्या नळ्या येत. कॅन्सरचं औषध घेणाऱ्या ज्या रोग्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी फारच कमी उरल्या असतील, त्यांच्या पेशी हाताने पुन्हा मोजायच्या, आणि त्या आकड्यावर औषध द्यायचं की थांबवायचं ते ठरायचं. कोपऱ्यातल्या खुर्चीत शिक्षणशास्त्राचा एक संशोधक दीड वर्षापासून ठाण मांडून होता. पहिल्या वर्षाची मुलं मायक्रोस्कोपमधून बघायला कशी शिकतात, हा त्याचा विषय. तो दिवसभर वहीत लिहीत बसे, म्हणून तो वहीवाला. आणि दोन मजले वर संगणक विभागातली एक हुशार मुलगी कॉम्प्युटरला पेशी मोजायला शिकवत होती. ती प्रोग्रामवाली.

या चौघांना एकमेकांच्या कामाची कवडीइतकीही किंमत नव्हती. शेवाळावर कोणी आयुष्य घालवतं का, असं डॉक्टरांना वाटे. डॉक्टर लोक नुसते घाईचे, असं शेवाळवाल्यांना वाटे. हाताने काम करणारे सगळेच बिचारे, असं प्रोग्रामवालीला वाटे, आणि वहीवाला नक्की कसलं संशोधन करतो ते तर तिघांच्याही डोक्यावरून जाई. चौघांना बांधून ठेवणारी एकच गोष्ट होती, मोजणीबाईंची खोली.

प्रोग्राम तयार झाला तेव्हा साहजिकच तो बाईंच्या मोजणीशी ताडून बघायचं ठरलं. तीनशे काचा बाईंनी मोजल्या, त्याच तीनशे प्रोग्रामने मोजल्या. आणि बातमी आली की बाई कमी मोजतात. शंभर पेशी असतील तर नऊ-दहा त्यांच्या नजरेतून निसटतात.

बातमी सांगायला मोठे डॉक्टर, म्हणजे वैद्यकीय विभागाचे प्रमुख, स्वतः खाली आले होते. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं म्हणजे सुरीसारखं. वय झालं की होतं असं, म्हणाले. गुरुवारी चारही विभागांची बैठक आहे, तिथे आकडे मांडले जातील, त्यानंतर मोजणी प्रोग्रामकडे द्यायची आणि बाईंनी काचसामानाचं भांडार सांभाळायचं. जुनी रजिस्टरंही पुन्हा तपासावी लागतील. एवढं सांगून ते गेले.

भांडाराचं बाईंना काही वाटलं नाही, खोटं कशाला बोला. पाय दुखतातच, भांडारात बसायला तरी मिळालं असतं. पण जुनी रजिस्टरं! त्यातल्या एकेका ओळीमागे एक माणूस होता. पांढऱ्या पेशी कमी भरल्या म्हणून ज्यांचं औषध आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस थांबवलं, त्यांच्या पेशी खरं तर पुरेशा असतील तर? आपल्या अधू डोळ्यांपायी किती जणांचं औषध थांबलं? आणि त्यातले किती राहिले नाहीत? हा विचार एकदा मनात शिरला तो निघेना. त्यांना घास गोड लागेना. बुधवारी यजमानांनी त्यांना जबरदस्तीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. यजमान जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. ब्रेक लागत नसेल तर गाडी गॅरेजला न्यायची, रडत बसायचं नाही, हा त्यांचा खाक्या. डॉक्टर म्हणाले, नजर वयाच्या मानाने उत्तम आहे, मोतीबिंदूची जराशी सुरुवात आहे इतकंच. बाईंनी त्यातला 'मोतीबिंदू' तेवढा उचलला आणि घरी आल्या.

गुरुवारच्या बैठकीत बाईंना बोलावलेलं नव्हतं. पण त्यांना यायला बंदीही नव्हती, म्हणून त्या जाऊन शेवटच्या रांगेत बसल्या. जो काही निकाल लागायचा तो आपल्या कानांनी ऐकावा, मागाहून कोणी तिखटमीठ लावून सांगायला नको. वहीवाला त्यांच्या शेजारी येऊन बसला, वही उघडून. मेला इथेही लिहिणार, असं त्यांच्या मनात आलं.

प्रोग्रामवालीने पडद्यावर तक्ता लावला. आतापर्यंत बाईंना नुसता एक आकडा कळला होता, शंभरात नऊ-दहा. इथे तीन ओळी वेगवेगळ्या होत्या. यीस्ट, फरक शंभराला पाच. शेवाळ, फरक शंभराला नऊ. पांढऱ्या पेशी, फरक शंभराला चौदा. प्रोग्रामवाली पुढे बोलत राहिली. मोठे डॉक्टर मान हलवत होते, शेवाळवाले सर चष्मा पुसत होते. बाई मात्र त्या तीन ओळींना चिकटून बसल्या होत्या. काहीतरी खटकत होतं, आणि नेमकं काय ते सापडत नव्हतं.

मग सापडलं. यीस्ट सगळ्यात बारीक. शेवाळाच्या पेशी त्याहून मोठ्या. आणि पांढऱ्या पेशी म्हणजे या तिन्हींतले भोपळेच. त्या उभ्या राहिल्या. आयुष्यात कधी अशा बैठकीत बोलल्या नव्हत्या.

"ज्याला नीट दिसत नाही, त्याच्या हातून मोहरी सुटते," त्या म्हणाल्या. "वाटाणे सुटत नाहीत. माझ्या हातून वाटाणेच जास्त कसे सुटले?"

सगळे वळून बघायला लागले. मोठ्या डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. मधेच हे काय, असा त्यांचा चेहरा. पण शेवाळवाल्या सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवून तक्ता पुन्हा वाचला आणि सावकाश म्हणाले की बाईंचं म्हणणं बरोबर आहे, डोळ्यांचा दोष असता तर हे आकडे नेमके उलटे यायला हवेत. प्रोग्रामवालीचा चेहरा पडला. ती पोरगी प्रामाणिक होती, हे सांगायलाच हवं. तिने थापा मारल्या नाहीत. म्हणाली, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं आणि याचं उत्तर माझ्याकडे नाही.

बाईंनी तिला विचारलं, प्रोग्रामने कुठली पेशी धरली ते दाखवता येतं का? येत होतं. धरलेल्या प्रत्येक पेशीवर प्रोग्राम हिरवा ठिपका ठेवत असे. कॅमेरा एकेका चौकोनाचा वेगळा फोटो काढायचा, आणि प्रोग्राम एकेक फोटो मोजून बेरीज करायचा. बाईंनी पांढऱ्या पेशींच्या एकाच काचेवरचे शेजारशेजारचे दोन चौकोन लावायला सांगितले, एकाला एक चिकटवून.

पडद्यावर दोन फोटो आले. बाई रांगेतून वाट काढत पुढे गेल्या आणि पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या. पहिल्या चौकोनाच्या उजव्या रेघेवर एक पेशी बसली होती, एका बाजूने लचका तोडल्यासारखी. तिच्यावर हिरवा ठिपका. दुसऱ्या चौकोनाच्या डाव्या रेघेवर एक पेशी, तीही तशीच लचका तोडलेली. तिच्यावरही ठिपका.

"ही एकच बाई आहे," मोजणीबाई बोट ठेवून म्हणाल्या. "दोन घरांच्या मधल्या भिंतीवर बसलीय, आणि तुम्ही तिला दोन्ही घरांत मोजलंत."

बाईंनीच पुढे उलगडून सांगितलं. चौकोनाची वरची आणि डावी रेघ आपली, तिच्यावरची पेशी धरायची. खालची आणि उजवी रेघ शेजाऱ्याची, तिच्यावरची सोडायची. म्हणजे कोणीही दोनदा मोजलं जात नाही. पेशी जितकी मोठी तितकी ती रेघेला जास्त वेळा शिवते, म्हणून पांढऱ्यांत फरक जास्त आणि यीस्टमध्ये कमी.

प्रोग्रामवालीने डोक्याला हात लावला. तिने बाईंपाशी बसून त्यांच्या मोजणीची सगळी रीत विचारून लिहून घेतली होती, पूर्ण दोन दिवस. थेंब किती, किती वेळ थांबायचं, उजेड केवढा, एक्केचाळीस पायऱ्या होत्या त्यात. आता ती रडवेली होऊन म्हणाली, "पण मावशी, हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत."

बाईंनी आठवून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. खरंच नव्हतं सांगितलं. बोट आपोआप चालायचं. रेघ बघायची आणि अंगठा उचलायचा की नाही हे त्यांच्या डोक्यापर्यंत येतच नसे. चालताना आधी कुठला पाय टाकतो हे कोण सांगतं? आणि मोठ्या डॉक्टरांनी नेमकं तेच पकडलं. म्हणाले, माफ करा, पण हा नियम तुम्ही खरंच पाळत आलात की आज इथे सुचला, हे कशावरून समजायचं? प्रयोगशाळेच्या पुस्तकात तर तो नाही. प्रश्न कडू होता, पण चुकीचा नव्हता. पुस्तकात खरंच नव्हता. बाईंनाही तो तोंडीच मिळाला होता, त्यांच्या आधी मोजणाऱ्या बाईंकडून, आणि त्या कधीच्याच गेल्या होत्या.

तेव्हा शेवटच्या रांगेत वहीवाला उभा राहिला. पानं उलटत, एकेक तारीख वाचत गेला. बाई हा नियम सांगत बसत नसत; एखादं पोर चुकलं की पाठीत हलकेच धपाटा घालून बोलत, इतकंच. गेल्या वर्षीच्या सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात एका मुलीला: वरची नि डावी आपली, खालची नि उजवी शेजाऱ्याची. त्याच्या पुढच्या महिन्यात एका मुलाला तेच. मग पुन्हा, मग पुन्हा. दीड वर्षात सत्तावीस वेळा, शब्दही तेच. "माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरणच यावर आहे," तो म्हणाला. "शिकवणाऱ्याला जे सगळ्यात पक्कं येतं, ते तो विचारल्यावर सांगू शकत नाही, चूक दिसली की सांगतो."

शिक्षणशास्त्राचं संशोधन म्हणजे काय, ते त्या दिवशी पहिल्यांदा तीन विभागांना एकदम कळलं. शेवाळवाले सर तर त्याच्याकडे असे बघत होते, की जणू तळ्यातून नवीनच काही वर आलंय.

प्रोग्रामवालीने तिथेच बसून दुरुस्ती केली. फार नाही, चार ओळी. मग तीनशे काचांचे फोटो पुन्हा मोजायला लावले. बारा मिनिटं लागतील, म्हणाली. जागचं कोणी हललं नाही. बाई पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांचा अंगठा मांडीवर चालला होता. आपला अंदाज चुकला तर? मोतीबिंदू खराच निघाला तर?

आकडे आले. यीस्ट, फरक शंभराला एकही नाही. शेवाळ, तसंच. पांढऱ्या पेशी, हजाराला तीन, आणि तेही कधी इकडे तर कधी तिकडे.

कोणीतरी मागून टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. प्रोग्रामवाली उठून आली आणि तिने बाईंना मिठीच मारली. तिचा प्रोग्राम चुकला होता आणि तरी ती सगळ्यात जास्त हसत होती, कारण आता तो खरंच मोजायला लागला होता. मोठे डॉक्टर तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. ते पडद्याकडे बघत उभे होते, चेहरा पांढराफटक. टाळ्या थांबल्यावर ते बाईंसमोर आले.

"हा प्रोग्राम पुढच्या महिन्यात वॉर्डात जाणार होता," ते म्हणाले. "नसलेल्या पेशी त्याने मोजल्या असत्या. ज्यांना औषध सोसणार नाही, त्यांना आम्ही ते दिलं असतं."

बाईंनी त्यांना मधेच थांबवलं. त्यांना हवं होतं ते अजून कोणी बोललंच नव्हतं. "आणि माझी जुनी रजिस्टरं?" त्यांनी विचारलं. "माझ्यामुळे कोणाचं औषध उगाच थांबलं का? तेवढं सांगा."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "एकाचंही नाही."

बाई मटकन खाली बसल्या आणि तोंडावर पदर घेऊन पोटभर रडल्या, चारही विभागांच्या देखत. आठवडाभराचं साचलेलं होतं. कोणी समजूत घालायला गेलं नाही, हे बरं केलं. मग नाक पुसून त्या बाहेर जिन्यापाशी आल्या आणि त्यांनी घरी फोन लावला. यजमानांनी उचलला, काय झालं म्हणून घाबऱ्या आवाजात विचारलं.

"अहो," बाई म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी बरोबर मोजत होते."

पलीकडे जन्मभर थट्टा करणारा माणूस. तिकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. बाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.