कोट बसला की नाही

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि जुनी म्हटले म्हणून कोणी हळहळण्याचे कारण नाही. माझे लाकूड शिसवी आहे, पाठ ताठ आहे आणि बैठक कडक आहे. मला हात नाहीत. ते मोडले नाहीत, मुद्दामच लावले नाहीत. हात असलेल्या खुर्चीत माणूस कोपर टेकतो, कोपर टेकले की खांदा वर जातो, आणि खांदा वर गेला की अंगातला कोट खोटे बोलू लागतो. ज्या दुकानासाठी सुताराने मला घडवले, ते कोट शिवून देणारे दुकान होते. तिथे खोटे बोललेले चालत नसे.

दुकानाच्या मालकीण म्हणजे मोठ्या बाई. कापड बेतणे आणि कापणे त्या स्वतः करत. त्यांच्या सासऱ्यांनी घालून दिलेला नियम असा होता की, माझ्यावर बसून पाहिल्याशिवाय एकही कोट दुकानाबाहेर जाणार नाही. आरशापुढे माणूस पोट आत घेतो, श्वास धरतो, हनुवटी उचलतो. अशा वेळी कोणताही कोट छान दिसतो. तोच माणूस माझ्यावर बसला की कॉलर कानाला लागते, बटण ताणते, बाही आखडते आणि जे काही चुकले असेल ते सारे बाहेर येते. "आरशाला हो म्हणायची सवय आहे," मोठ्या बाई म्हणत. "खुर्चीला विचारा." मग त्या विचारत, "बसला का?" हा प्रश्न माणसाबद्दल की कोटाबद्दल, हे नव्या गिऱ्हाइकाला कळत नसे. एक गलेलठ्ठ न्यायाधीश "बसतोय, बसतोय" म्हणत माझ्यावर टेकले आणि त्यांचे मधले बटण सुटून थेट आरशावर जाऊन आदळले. कोटाने इतका स्पष्ट निकाल पुन्हा कधी दिला नाही.

ते दिवस माझ्या मानाचे होते. पुढे तयार कोटांचा जमाना आला. मापे देणारी माणसे कमी झाली, कापडाचे तागे वरच्या फळ्यांवर गेले आणि खाली मोकळ्या झालेल्या अर्ध्या दुकानात मोठ्या बाईंच्या सुनेने कॉफीचे दुकान थाटले. सकाळपासून फुत्कारणारे एक यंत्र आले, छोटी गोल मेजे आली, आणि माझी स्वस्थता गेली. आज खिडकीपाशी, उद्या जिन्याखाली, परवा पुन्हा खिडकीपाशी. कोणीही यावे आणि मला पाठीला धरून फरफटत न्यावे. त्या ओढाताणीत माझा एक पाय सैल झाला. सूनबाईंनी त्याच्याखाली कागदी कप दाबून घातला. मी, जिने न्यायाधीशांना जोखले, ती आता कपावर उभी होते.

लोक माझ्यावर पिशव्या ठेवत. एका बाईंनी तर माझ्या पायाला आपले कुत्रे बांधले. मला नीट निरखून पाहिले ते त्या कुत्र्यानेच, आणि त्याचा हेतू काही चांगला नव्हता.

सासूसुनेचे रोज वाजे.

"कापडाला वास लागतो," मोठ्या बाई म्हणत.

"आई, त्या वासानंच तर माणसं आत येतात."

"येतात, पितात आणि जातात."

"मग थांबवा ना तुम्ही त्यांना."

 यावर मोठ्या बाई कात्री उचलून उगाच एखादी चिंधी कापत राहत.

अशाच एका दुपारी दरवाजातून माणसाऐवजी एक खुर्चीच आत आली. मित्रांनो, मी खोटे कशाला सांगू, माझा जळफळाट झाला. तिला चाके होती. ती कोणाच्या ओढण्याची वाट पाहत नव्हती. तिच्यात बसलेले गृहस्थ ती स्वतःच्या हातांनी फिरवत होते, आणि मागून येणारी त्यांची धाकटी बहीण ढकलायला पुढे झाली की ते तिच्याकडे नुसते पाहत. तेवढे पुरे होई.

ते गणिताचे शिक्षक होते. अपघातानंतर वर्षभर घरात होते. शाळा उघडली की त्यांनी वर्गावर परत जायचे, असे ठरले होते. मात्र त्यांचे स्वतःचे मन ठरत नव्हते. दोघे माझ्या शेजारच्या मेजाशी थांबले, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"मी या अवतारात वर्गात जाणार नाही," सर म्हणाले. त्यांच्या अंगात जुना कोट होता. तो पोटावर गोळा झाला होता आणि कॉलर कानांपर्यंत चढली होती. "आरशात बघितलं तर कासव दिसतं मला. पोरं पहिल्या दिवशी जे नाव ठेवतील ते मी निवृत्त होईपर्यंत टिकेल."

"दादा, तुला आधीही नाव होतंच की."

"काय होतं?"

"ते मी सांगायची नाही."

"बघ. म्हणजे वाईटच असणार. शाळेला कळवून टाक, नाही जमत म्हणून."

बहीण कपात चमचा ढवळत राहिली. तिने साखर घातलीच नव्हती.

सूनबाईंनी हे ऐकले. त्यांनी मोठ्या बाईंच्या कानाशी जाऊन काही सांगितले. मोठ्या बाई गळ्यात टेप अडकवून लगबगीने आल्या, आणि सबंध हयात ज्या वाक्याने त्यांनी माप घ्यायला सुरुवात केली होती, तेच वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेले.

"उभे राहा सर, खांदे सैल सोडा."

यंत्र नेमके तेव्हाच फुत्कारायचे थांबले.  सरांनी कप बशीत ठेवला.

"राहिलो असतो बाई," ते म्हणाले. "सध्या सवय मोडलीय." मग बहिणीला म्हणाले, "चल."

चाके दरवाजाकडे वळली.  हा माणूस या दारातून बाहेर पडला, तर कोट गेला, आणि कोटाबरोबर वर्गही गेला. मोठ्या बाईंना मी ओळखून होते. दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता आणि बोललेला शब्द कधी मागे घेतला नव्हता. माफी हा शब्द त्यांच्या तोंडी बसतच नसे. त्या तशाच उभ्या होत्या, टेपची दोन्ही टोके मुठीत घट्ट धरून.

मग त्यांनी मला पाठीला धरले, खरखर आवाज करत सरांच्या वाटेत आणून ठेवले, आणि त्या माझ्यावर बसल्या.

मित्रांनो, गिऱ्हाइकासमोर त्या कधीच बसल्या नव्हत्या. शिवणाऱ्याने उभे राहावे आणि शिवून घेणाऱ्याने बसावे, ही त्यांची रीत. त्यांचे वजन मला त्या दिवशी प्रथम कळले. वाटले होते त्याहून त्या हलक्या होत्या.

"सर, माझी जीभ उभ्यानंच वाढलीय, बसलेल्या माणसाशी बोलणं तिला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. दोघांचे डोळे आता एका पातळीवर होते. "आता मीही बसले. तुम्ही थांबा. सूनबाई, टेप घे. माझं माप घे, बसलेल्या माणसाचं."

"आई, मला कुठे येतं ते?"

"मलाही येत नाही. म्हणून तर घ्यायचं."

मोठ्या बाईंनी कच्च्या टाक्यांचा एक कोट अंगात चढवला. बसल्यावर पुढचे कापड जास्त होऊन मांडीवर लोळते आणि पाठीचे मात्र कमी पडते, हे सूनबाईंच्या टेपने दाखवले. सर आधी मोठ्या बाईंच्या खांद्यावरून दरवाजाकडे पाहत होते. हळूहळू त्यांची नजर टेपवर आली, मग चाके जवळ सरकली.

"पुढची कड सरळ नको," ते अखेर म्हणाले. "तिरकी घ्या. कोन मी काढून देतो." त्यांनी कागदी रुमालावर रेघ मारली. "खिसाही तिरका. सरळ खिशात हात जात नाही बसल्यावर."

"आणि बाही?"

"आखूड. चाकात जाते."

मोठ्या बाईंनी बाहीवर खडूने खूण केली आणि मान न वळवता म्हणाल्या, "सूनबाई, सरांची कॉफी गार झाली. दुसरी आण. आणि एक मलाही."

सूनबाई क्षणभर जागच्या हलल्या नाहीत. सासूबाई दुकानातली कॉफी पिणार, हे त्यांना खरे वाटत नसावे.

पहिल्या वेळचा कोट साफ फसला. दिसायला तो उत्तम होता. सरांनी जोर लावून चाक फिरवले आणि पाठीची शिवण टरकन उसवली. मग मोठ्या बाई पुन्हा माझ्यावर येऊन बसल्या आणि नसलेली चाके फिरवत, हात पुढेमागे करत पाठीला किती कापड लागते ते पाहू लागल्या. कॉफी पिणारे हसू लागले. "हसा खुशाल," त्या म्हणाल्या, "पण तागे जवळ आहेत, कप सांडू नका." आरशाला त्या साऱ्या कामात कोणी काही विचारले नाही, हे मला सांगितलेच पाहिजे.

शाळा उघडली त्या दिवशी मला चैन नव्हते. माझ्यावर तीनदा कोणी ना कोणी बसले आणि उठून दुसरीकडे गेले, इतकी मी डुगडुगत होते. मोठ्या बाईंनी एकच तागा चारदा उलगडला आणि चारदा गुंडाळला. ऊन उतरल्यावर सरांची बहीण आली.

"गेले का वर्गात?" मोठ्या बाईंनी तिला बसूही दिले नाही.

"गेला. दारात थोडा थांबला, पण गेला. एका मुलीनं उठून विचारलं, सर, तुमचा खिसा वाकडा का? म्हणाला, वाकडा नाही, तिरका आहे. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर सगळा तास कोनच शिकवला. आता घरी कोट काढायला तयार नाही."

"काढायला लावा. घडी बिघडते," मोठ्या बाई कडक आवाजात म्हणाल्या आणि तोंड फिरवून तागे लावू लागल्या. 

मित्रांनो, तेव्हापासून बसूनच माप द्यायला आणखी काही माणसे येऊ लागली आहेत. मला मात्र अजून निवांतपणा नाही. कापायच्या टेबलापासून कॉफीच्या मेजापर्यंत माझ्या दिवसभर खेपा चालतात. घरातल्या जुन्या खुर्च्या पुसाव्यात, त्यांचे पाय वेळच्या वेळी घट्ट करावेत, हे तुम्हाला सांगायला नको. ते तुम्ही केलेच पाहिजे. पण माझी मुख्य आज्ञा निराळी आहे. समोरचा माणूस बसलेला असेल आणि तुम्हाला त्याच्याशी मनातले बोलायचे असेल, तर वरून बोलू नका. जवळची खुर्ची घ्या, त्याच्यासमोर ठेवा आणि आधी बसा. तेवढ्यासाठी झिजायला आम्ही खुर्च्या तयार आहोत.