शेमा म्हणजे ऐक

तापातून उठल्यावर शलोमो चेऊलकरांचे दोन्ही कान गेले आणि त्यांनी सकाळची प्रार्थना सोडून दिली.

चेऊलकर मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. रेल्वेच्या नोकरीने त्यांना कोलकात्यात गार्डन रीचला आणलं, निवृत्तीनंतर ते तिथून जवळच बेहालात राहिले. बायको वारली होती आणि मुलगी सिम्हा इस्राएलला असायची.

खालच्या मजल्यावरच्या लीनाला वरची शांतता खटकली. बँकेतल्या नवऱ्याच्या बदलीने ती इथे आली होती. इमारतीत मराठी बोलायला तिला हे काकाच. ती मुलाची पाटी घेऊन वर गेली आणि तिने लिहिलं, ‘प्रार्थना बंद का?’

“तिचा पहिलाच शब्द शेमा. म्हणजे ऐक,” काका म्हणाले. “बहिऱ्याने तो कोणत्या तोंडाने म्हणायचा?”

लीनाने पाटी पुसली. ‘माझी आई सारखी म्हणायची, लीना, माझं ऐक. माझे कान काय बिघडले होते?’

काकांना हसू फुटलं. पण ती गेल्यावर ते विचारात पडले. हिब्रू त्यांनी लहानपणी घोकली होती, शब्दांच्या मुळाशी कधी गेले नव्हते. त्यांनी भिंग घेऊन कोश उघडला. ऐकणं, समजणं, मानणं, सगळं त्या एकाच धातूत होतं. मग पवित्र शास्त्रात त्यांच्याच नावाच्या राजाने देवाकडे मागितलेलं मागणं त्यांनी काढलं. तिथे शहाणपण मागितलंय, एवढंच ते आजवर धरून चालले होते. मूळ शब्द होते ‘लेव शोमेआ’. ऐकणारं मन.

“अगं, कानाचं नावच नाही तिथे!” दुसऱ्या दिवशी त्यांनी लीनाला सांगितलं.

‘मग सिम्हाचं कधी ऐकणार?’ तिने लिहिलं.

काका ओशाळले. कानाच्या डॉक्टरकडे जा म्हणून सिम्हा कधीची मेसेज करून मागे लागली होती, लीनालाही तिने ते कळवलं होतं. शेवटी त्यांनी तिचे मेसेज उघडणंच सोडलं होतं. आता त्यांनी स्वतःच व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तिचे ओठ भराभर हलू लागले.

“थांब, बाळा. मला यातलं काही ऐकू येत नाहीये. पण तुझं ऐकलंय मी. डॉक्टरकडे जातोय, लीना येतेय सोबत.”

ती हसतेय की रडतेय, त्यांना कळेना.

डावा कान गेलाच होता, उजव्याला यंत्राने थोडं ऐकू येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. यंत्र लावून रस्त्यावर आले, तर बसच्या हॉर्नने काका हैराण झाले. त्यांनी ते उपटून काढलं. लीनाने डोळे वटारताच निमूट परत लावलं.

सकाळी रीतीप्रमाणे डोळ्यांवर हात ठेवून ते उभे राहिले. “शेमा इस्राएल...” शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वतःचाच आवाज त्यांच्यापर्यंत आला. तो घोगरा होता, थोडा कापतही होता. ते थांबले नाहीत. आता प्रत्येक शब्दाचा अर्थ मनात धरत, सावकाश पुढे म्हणत राहिले.