गिटारच्या गळ्यातली पट्टी

गिटार वाजली, आणि तिला कुणाचा हातही लागला नव्हता.

सभागृहात शंभरेक माणसं श्वास रोखून बसली होती. मंचावर गिटार, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर नादबाबांचं तोंड. बाबांनी खर्जात ‘आऽऽऽ’ लावला, एकदम तोडला आणि हात वर केला. त्या शांततेत गिटार एकटीच गुणगुणत राहिली.

“बोलला! तुझा नवरा बोलला!” बाबा पहिल्या रांगेतल्या बाईंना म्हणाले. बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

दाराशी उभा असलेला गिटारदुरुस्तीवाला जळफळला. त्या बाई त्याच्या वहिनी होत्या आणि गिटार थोरल्या भावाची. भाऊ गेल्यापासून वर्षभर ती दुरुस्तीवाल्याच्याच दुकानात भिंतीवर टांगलेली होती. महिन्यापूर्वी वहिनी ती बाबांकडे घेऊन गेल्या आणि आज कायमची त्यांच्या चरणी वाहणार होत्या. वर्षभर भाऊ आपल्याशी एक अक्षर बोलला नाही आणि या भोंदूशी दर रविवारी गप्पा! विचार खुळा आहे हे त्याला कळत होतं, पण मत्सराला कोण समजावणार? त्यात समोरच्या रांगांत निम्मी त्याचीच गिऱ्हाइकं.

बाबांनी लोकरी कापडाची एक पट्टी उंच धरली. “ही गिटारच्या तारांत खुपसलेली होती. सख्ख्या भावाचा गळा आवळणारा भाऊ!”

माना दाराकडे वळल्या. तो तडक मंचाकडे निघाला.

“आला जळकुकडा,” कडेला बसलेल्या एक शिंपीणबाई पुटपुटल्या.

“भाऊजी, आज नको,” वहिनी म्हणाल्या. “ते तुमच्याशी बोलले नाहीत म्हणून जळू नका.”

हे त्याला नेमकं लागलं. “जळतोय, वहिनी. चांगला भाजून निघालोय. पण माझ्या जळण्यानं तार वाजत नाही आणि थांबतही नाही. एकदा मला खुंट्यांना हात लावू द्या. मग गिटार खुशाल द्या.”

वहिनींनी बाबांकडे पाहिलं. शंभर माणसांसमोर नाही म्हणणं बाबांना जमेना.

दुरुस्तीवाला तीन रविवार दाराशी उभा होता. मत्सरी माणूस भक्तापेक्षा बारकाईनं बघतो. गायच्या आधी बाबा ‘आत्म्याची नाडी’ तपासायचे, म्हणजे तारेवरून हळूच अंगठा फिरवून कान लावायचे. त्याने तारा ताणणाऱ्या सहाही खुंट्या जराशा सैल केल्या, तसे तारांचे सूर उतरले. “आता नाडी न बघता गा.”

बाबांनी घसा साफ केला. ‘आऽऽऽ’ घुमला, तुटला. गिटार गप्प. पुन्हा ‘आऽऽऽ’. गप्पच.

“शंकेखोराच्या स्पर्शानं आत्मा निघून गेला!”

“असं?” दुरुस्तीवाल्याने एक जाड तार छेडली, तिचा सूर कानात धरला, तार बोटाने थांबवली आणि तोच सूर तोंडाने लावून तोडला. गिटार गुणगुणली. “फार लांब गेला नव्हता म्हणायचा.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

मग त्याने प्रत्येक तारेवर कागदाचा दुमडलेला बारीक कपटा बसवला आणि पुन्हा तोच सूर गायला. फक्त त्या जाड तारेवरचा कपटा उडून खाली पडला. बाकीचे जागचे हलले नाहीत.

“आवाज म्हणजे हवेचे धक्के. झोका नेमक्या वेळी ढकलला तरच उंच जातो, तसंच तारेचं. ती ज्या सुरात लावलेली असेल, त्याच सुराच्या धक्क्यांनी झुलते. माझ्या दुकानात अकरा गिटारी आहेत. एक सुरात लावायला घेतली की बाकीच्या दहा भुणभुणतात, कान किटतात. म्हणून तारांत पट्टी खुपसायची, आम्ही सगळेच दुरुस्तीवाले खुपसतो. ही गंमत रोज ऐकली आणि रोज दाबली, कुणाला सांगितली नाही. तेवढा गुन्हा माझा.”

वहिनी मंचावर आल्या. त्यांनी एक तार छेडली, थांबवली आणि अगदी बारीक आवाजात तोच सूर लावला. गिटारने त्यांनाही उत्तर दिलं.

“म्हणजे हे नव्हतेच?”

“नाही, वहिनी.”

“मग इतके रविवार मी कुणाशी बोलत होते?”

“बाबांच्याच आवाजाशी.”

बाबा काहीतरी बोलू लागले, पण वहिनी गिटार उचलून पायऱ्या उतरल्यासुद्धा. “भाऊजी, पुन्हा नीट सुरात लावून द्या. घरी ठेवीन. आणि ती पट्टी नको. वाजू दे, का वाजते ते आता मला ठाऊक आहे.”

दुरुस्तीवाल्याचा मत्सर काही त्या दिवशी संपला नाही. बाबांसाठी शंभर माणसं जमली होती, त्याच्या दुकानात एका वेळी तिघंही येत नसत. दुसऱ्याच दिवशी त्याने भिंतीवरच्या गिटारींच्या तारांतल्या सगळ्या पट्ट्या काढल्या आणि दाराशी पाटी लावली : ‘आत या, आवाज द्या.’

नवल वाटलं तर वाटू द्या, त्यात कमीपणा नाही. पण तेच नवल कुणी तुमच्या गेलेल्या माणसाच्या नावानं खपवू लागला, तर हात जोडून बसू नका. उठा, जवळ जा आणि एकदा खुंटी पिळून बघा.