व्याह्यांचा अर्ज

डोमाजी बहेकारांना कोणाला 'नाही' म्हणता येत नसे. धानाच्या रोवणीच्या ऐन दिवसांत कोणी बैलजोडी मागायला आला की हे कासरा त्याच्या हातात द्यायचे आणि स्वतः बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर, पाय सोडून बसायचे. लग्नाला सतरंज्या मागा, मिळाल्या. गाडी मागा, मिळाली. एकदा तर शेजारच्या बारशाला पाळणा हवा होता, तेव्हा घरचं पोर त्यात झोपलेलं होतं. डोमाजींनी ते अलगद उचलून गोधडीवर ठेवलं आणि पाळणा देऊन टाकला. त्यांची बायको गोदाबाई त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही.

अशा माणसाला लोक निवडून देणार नाहीत तर कोणाला देतील? सदुसष्ट साली बालाघाटच्या एका लहानशा सहकारी बँकेची निवडणूक झाली आणि डोमाजी सगळ्यांत जास्त मतांनी संचालक झाले. मतं देणाऱ्यांच्या मनात काय होतं, हे मी सांगायला नको.

हार सुकायच्या आत टिकाराम आले. टिकाराम म्हणजे डोमाजींचे व्याही, त्यांच्या लेकीचे, साधनाचे सासरे. राजेगावच्या रस्त्यावर एका खेड्यात त्यांची शेती होती. आता त्यांना गावात धान कांडायचा हलर टाकायचा होता आणि त्यासाठी बँकेत अर्ज केला होता. पोहे खाऊन झाल्यावर ते हसत हसत म्हणाले, "इवाई, दसरा झाला का या पोरीले न्यायले. सातवा लागते तिले. तोवर आपलं हलरचं काम होऊनच जाईन म्हणा."

दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या. बोलण्यात वावगं काहीच नव्हतं, पण आत चहा गाळणाऱ्या गोदाबाईने गाळणं तसंच धरून कान दिला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. त्यासाठी तिने मागची खोली सारवून ठेवली होती, बाज विणून घेतली होती. सासऱ्याने पोरगी पाठवलीच नाही तर काय करायचं?

डोमाजी अर्थातच 'हौ' म्हणाले.

पहिल्या बैठकीआधी नव्या संचालकांना शिकवायला जबलपूरहून एक साहेब आले. पटेरिया त्यांचं नाव. अंगाने गोल, आवाज मोठा, आणि दर वाक्यानंतर समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय. बँकेच्या हॉलमध्ये बाकं टाकली होती. संचालक मंडळी पोरांसारखी मागच्या बाकावर बसायला धडपडत होती, आणि अध्यक्ष दुलीचंद, हे किराण्याचे मोठे व्यापारी, त्यांना सगळ्यांत पुढे बसावं लागलं म्हणून ते जरा घुश्शातच होते.

पहिल्या दिवशी विषय होता देखरेख. साहेब म्हणाले, "बैंक मैनेजर चलाएगा. आपका काम है नज़र रखना. सवाल पूछना." डोमाजींनी हे इतकं मनावर घेतलं की जेवणाच्या सुट्टीनंतर ते थेट कॅशियरच्या मागे जाऊन उभे राहिले आणि नजर ठेवू लागले. बिचाऱ्या कॅशियरच्या हाताला घाम सुटला, नोटा चुकल्या, पुन्हा मोजल्या, पुन्हा चुकल्या. शेवटी पटेरिया साहेबांनीच त्यांना दंड धरून परत आणलं. "दादा, उसके हाथों पर नहीं, काम पर नज़र!"

दुसऱ्या दिवशी कर्ज आणि जोखीम. हा विषय डोमाजींना एकदम आवडला, कारण साहेब शेतीतलंच बोलत होते. मागणाऱ्याचं तोंड पाहून पैसे देऊ नका, पैसे परत कुठून येणार ते पाहा. विहिरीसाठी मागतो, तर तिथे पाणी आहे का? म्हैस घेतो, तर दूध घेणारं कोण? धंदा चालणार नसेल आणि तरी तुम्ही पैसे दिलेत, तर ती मदत नाही, त्याच्या गळ्यात धोंडा बांधणं आहे. डोमाजींनी मान डोलावली. हे त्यांना आजवर कोणी असं सांगितलंच नव्हतं.

"अब एक ज़रूरी बात," साहेब म्हणाले. "अर्ज़ी अपने रिश्तेदार की हो, तो बताओ और बैठक से बाहर चले जाओ. चलो, करके देखते हैं." त्यांनी खोटी बैठक मांडली. लालबर्ऱ्याचा एक शेतकरी, नाव चैतराम, विहिरीसाठी कर्ज मागतो आहे. करा चर्चा.

दुलीचंदांनी कपाळाला आठ्या घातल्या. "लालबर्रा मंजे आमच्या मोठ्या सुनेचं गाव. गावचा माणूस तिचा भाऊच झाला." ते उठले आणि बाहेर गेले.

वारासिवनीकडचे तेजराम मास्तर म्हणाले, "माह्या मावशीले त्याच गावात दिली हाय. मंग चैतराम माहा मावसभाऊ लागते." तेही गेले. प्रेमलालचं आजोळ तिथलं. आणखी कोणाच्या भावाची सासुरवाडी. एकेक जण प्रामाणिकपणे उठला, साहेबांना नमस्कार घालून बाहेर पडला. शेवटी डोमाजी उरले. त्यांचं लालबर्ऱ्यात कोणी नव्हतं, पण दुलीचंदांना ते मामा म्हणत, आणि मामाच्या सुनेचा भाऊ म्हणजे परका कसा? तेही गेले.

हॉलमध्ये पटेरिया साहेब आणि चैतरामचा अर्ज, दोघेच राहिले.

साहेब धावतच व्हरांड्यात आले. "अरे भाई, चैतराम है ही नहीं! मैंने बनाया है!"

"तरी पण साहेब," दुलीचंद शांतपणे म्हणाले, "लालबर्ऱ्याचाच बनवला ना?"

पटेरिया साहेबांनी एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिथेच पायरीवर बसून पोट धरून हसले. मग सगळेच हसले. चहा मागवला. चहा पिता पिता साहेब म्हणाले की असं चाललं तर या बँकेत कोणालाच कर्ज मिळणार नाही, तेव्हा तुम्हीच सांगा, तुमच्याकडे खरा रिश्तेदार कोण?

कोणी भाऊबंद म्हणालं, कोणी ज्याच्या घरी सुतक पाळावं लागतं तो. डोमाजी कपातल्या चहाकडे पाहत होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ज्याले नाही म्हटलं तर आपल्या घरी रडणं होईन, तो."

साहेबांनी मान हलवली. "बस, यही. बाहर जाओ. और सुनो, जो पता है वह बताकर जाओ. जानते हुए चुपचाप निकल जाना, वह भी पाप है."

डोमाजींनी कप तसाच खाली ठेवला. कारण त्यांना एक गोष्ट माहीत होती.

पोळ्यानंतर ते साधनाला भेटायला गेले होते. पोरीच्या सासरच्या गावी गेलं की एका घरी जेवून चालत नाही, सगळ्या भाऊबंदांकडे ताटावर बसावं लागतं. टिकाराम आणि त्यांचा धाकटा भाऊ महागू यांच्यात धुऱ्यावरून बोलणं बंद होतं, पण पाहुण्याला दोघांकडेही जेवावं लागलं. महागूची बायको शेवंताबाई कौतुकाने त्यांना गोठ्यामागे घेऊन गेली आणि धानाच्या तणसाचा ढीग बाजूला सारून दाखवलं. खाली गोंदियाहून आणलेलं कोरं करकरीत इंजिन आणि हलर. दिवाळीच्या पाडव्याला सुरू करणार होते. "मोठ्या घरी सध्या बोलू नका, मामाजी," ती म्हणाली होती. डोमाजी 'हौ' म्हणाले होते.

त्या गावात एका हलरपुरतंच धान पिकतं. दोन भाऊ, समोरासमोर दोन हलर, आणि दोघेही माशा मारत बसलेले. डोमाजींना ते चित्र लख्ख दिसलं.

घरी येऊन त्यांनी गोदाबाईला सगळं सांगितलं. "काय करू?"

गोदाबाई भाकरी थापत होती. तिने तवा खाली उतरवला. "मले इचारू नका. मी म्हणीन, देऊन टाका. माह्या पोरीचा सवाल हाय. म्हणूनच मले इचारू नका." आणि पदराने डोळे पुसले. डोमाजींना तिची इतकी माया आली की दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी खरी बैठक होती. टिकारामांचा अर्ज निघाला तेव्हा डोमाजी उठून उभे राहिले.

"हे माहे इवाई हायत. मले वाटते का यायले कर्ज भेटावं. म्हणून माहं ऐकू नका. पण एक गोष्ट मले माहीत हाय, ते सांगून जातो. यायच्या भावानं इंजिन अन् हलर आणून ठेवला हाय. म्या डोळ्यानं पाह्यला. गावात धान एकाच हलरपुरतं हाय." एवढं बोलून ते बाहेर निघाले. पटेरिया साहेब कोपऱ्यात बसले होते, त्यांनी नुसती मान डोलावली.

व्हरांड्यातल्या बाकावर टिकाराम बसले होते. नवं धोतर, मांडीवर पेढ्यांचा पुडा. "झालं?" त्यांनी विचारलं.

"चालू हाय."

"मंग तुम्ही बाहेर काहून?"

पाणी प्यायला, असं म्हणता आलं असतं. लघवीला, असंही म्हणता आलं असतं. डोमाजी व्याह्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. आत काय बोललो, का बोललो, इंजिन कुठे पाहिलं, सगळं. पुड्याची सुतळी टिकारामांच्या बोटाभोवती आवळत गेली.

"महागूनं इंजिन आणलं?" ते म्हणाले. कर्जाचं नाव नाही. "अन् मले माहीत नाही? पाठीला पाठ लावून आलेला भाऊ, अन् मले पाहुण्याकडून कळावं?"

"तुम्हीही त्याले कुठी सांगतलं?"

टिकारामांनी बोटाची सुतळी सोडवली. "तुम्ही आत बसले असते, गप राह्यले असते, तर भेटलं असतं?"

"भेटलं असतं. अन् दोन वर्सानं बँकेनं तुमचे बैल नेले असते, अन् त्या कागदावर माही सही असती."

दार उघडून दुलीचंद बाहेर आले. अर्ज नामंजूर झाला होता. दोघे भाऊ मिळून आले, हलरजवळ गोदाम बांधायचं म्हणाले, तर बँक विचार करेल, एवढं त्यांनी वर सांगितलं. टिकारामांनी ऐकून घेतलं, उठले, धोतर झटकलं.

डोमाजींना आता राहवेना. "इवाई, दसरा झाला का मी येतो ना, साधनाले न्यायले?"

"येऊ नका."

सारवलेली खोली, विणलेली बाज आणि गोदाबाईचा चेहरा, सगळं एकदम डोमाजींच्या डोळ्यांपुढे आलं.

"राग आला हाय मले," टिकाराम म्हणाले. "चांगला महिनाभर पुरन. पण पोरीचे दिवस काही माह्या रागासाठी थांबत नाहीत. मीच आणून सोडतो तिले, माह्या गाडीनं. तुम्ही आमच्या गावात पाऊल टाकू नका. आणखी कोणाच्या गोठ्यात काय पाह्याल, अन् इथं येऊन सांगाल!"

पेढ्यांचा पुडा त्यांनी डोमाजींच्या हातात कोंबला. "हे यीनबाईले द्या. अन् सांगा, पोरीले दूध-तूप कमी पडू देऊ नका."

टिकाराम तरातरा पायऱ्या उतरले. डोमाजी पुडा छातीशी धरून तिथेच रडले, आणि आतून दुलीचंद ओरडले की पुढचा अर्ज लागला, संचालकसाहेब, या आत.